कोरड्या हवेची सुखं

मंडळी, मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की ऊन, टँकर आणि गेलेली लाइट यांच्यापलीकडे बोलणं सहसा जात नाही. ते सगळं खरंच आहे. पण याच उन्हाळ्यात आपल्या घरात काही सुखं अशी आहेत, की कोकणपट्टीतल्या माणसाला ती पैसे मोजूनही मिळत नाहीत. माठातलं गार पाणी, वाळवणाच्या दिवशीचा गरम चीक, गच्चीवरची झोप आणि पाठीवर पडल्या पडल्या दिसणारं आभाळ. या सगळ्यांच्या मागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपली कोरडी हवा. तिचा घरच्या घरी नीट उपयोग कसा करून घ्यायचा, तेवढंच आज बोलू.

माठापासून सुरुवात करू. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. एक लिटर पाणी उडून जायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी बाहेर येऊन उडतं आणि ही उष्णता आतल्या पाण्यातून खेचून घेतं. १० लिटर पाणी १० अंशांनी गार करायचं तर १०० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे हिशेबाने पाव लिटरही पाणी उडावं लागत नाही. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत येत असते, म्हणून माठ त्याहून बरंच जास्त पाणी पितो. आता हवेचा भाग बघा. तापमान ४० अंश आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईच्या ३४ अंशांत, ६५ टक्के आर्द्रतेत, ही मर्यादाच २८ च्या पुढे आहे. माठ तोच, कुंभार तोच, पण तिथे पाणी नुसतं बरं होतं आणि इथे गार होतं.

माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. रंगवलेला, चकाकी दिलेला माठ शोभेला ठेवा. रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी पाझरतच नाही. नवा माठ एक रात्र, एक दिवस पूर्ण पाण्यात बुडवून ठेवायचा, मग भरायचा आणि पहिली दोन-तीन पाणी झाडांना घालायची. मातीचा कच्चा वास त्याने जातो. ठेवायची जागा वाऱ्याची आणि सावलीची हवी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या माठाभोवतीची हवा लवकरच दमट होते आणि काम थांबतं. खाली तिवई, तिवईखाली ओली वाळू आणि अंगाला ओलं गोणपाट एवढं पुरे. माठ रात्री भरला तर सकाळी पाणी खरं गार मिळतं. दुपारी बाराला भरून एक वाजता चाखणाऱ्याने माठाला दोष देऊ नये.

आपल्याकडची मोठी अडचण बोअरच्या पाण्याची. त्यातले क्षार माठाच्या बाहेर पांढरे फुलतात आणि महिन्या-दोन महिन्यांत छिद्रं बंद करतात. लोक म्हणतात माठ जुना झाला. जुना झालेला नसतो, बुजलेला असतो. नारळाच्या शेंडीने बाहेरून घासा, साबण मात्र लावू नका, कारण साबण मातीत शिरतो आणि मग पाण्याला त्याची चव येते. घासून एक दिवस उन्हात कोरडा करा, बराच सुधारतो. पाणी काढायला ओगराळं वापरा, हात किंवा पेला बुडवू नका. वाळ्याची जुडी फडक्यात बांधून टाकायची तर तीन-चार दिवसांनी काढून कडक वाळवायची, नाहीतर ती कुजते आणि सुवासाच्या जागी शेवाळी वास येतो. आठवड्यातून एक दिवस रांजण, माठ पूर्ण रिकामे करून आतून घासायचेच. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटून असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

कूलरबद्दल एकच सांगतो, कारण चूक एकच आणि घरोघरी आहे. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करतात. कूलर म्हणजे माठाचंच तत्त्व. आत सोडलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि लोक पंप वाढवतात. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला असेल तर त्यालाही हाच नियम.

आता माझ्या मते या ऋतूतलं सगळ्यात मोठं सुख, म्हणजे चीक, भिजवलेल्या गव्हाचं शिजवलेलं सत्त्व, ज्याच्या कुरडया पाडतात. कुरडया विकत मिळतात, चीक मिळत नाही. तो ज्या घरी शिजतो त्याच घरी, त्याच तासाला खायचा असतो. किलोभर गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं. एक दिवस जरी पाणी बदलायचं राहिलं तरी आपल्या उन्हात गहू नको इतके आंबतात, चिकाला पिवळट झाक आणि उग्र वास येतो. चौथ्या दिवशी गव्हाचा दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यायला हवं. आलं नाही तर गहू भिजलेले नाहीत, चीक कमी पडणार. वाटून, पाणी घालून, फडक्यातून दोनदा पिळून घ्यायचे. चोथा टाकायचा नाही, त्यात तीळ आणि तिखट-मीठ घालून भुसवड्या होतात. गाळलेलं पाणी रात्रभर, आठ-दहा तास, अजिबात न हलवता ठेवायचं. सकाळी वरची निवळ अलगद ओतून दिली की तळाला घट्ट, पांढराशुभ्र चीक उरतो.

तो भांड्याने मोजायचा. जितका चीक तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात मीठ-हिंग घालून उकळायचं, आणि एकाने चीक बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने हाटायचं. हे एकट्याचं काम नाही. हाटणारा हात थांबला की गुठळी झालीच. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चमकायला लागला, की झाकण ठेवून मंद आचेवर आणखी वाफ द्यायची. ओल्या बोटाला चिकटला नाही म्हणजे शिजला. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून छान पडतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण वाळताना त्या कुरडईचे तुकडे होतात. गार झालेला सोऱ्यातून उतरतच नाही, म्हणून पातेलं झाकूनच ठेवायचं.

पण सोऱ्या भरायच्या आधी सगळ्यांच्या वाटीत एकेक डाव पडला पाहिजे. लहानांना तूप-साखर घालून, मोठ्यांना वरून कच्चं करडईचं तेल आणि लसणाची चटणी. उभ्या उभ्या, गरम गरम. दोन दिवसांत कुरडई कडकडीत वाळते, ती याच कोरड्या हवेच्या जोरावर. दमट हवेत तिला बुरशी आधी गाठते.

मग संध्याकाळ. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीचा थर दिवसाचं ऊन आत येऊ देत नसे. आजचा चार इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत तेच ऊन परत देत राहतो. म्हणून गच्चीवर पाणी मारतात, पण पाणी मारायचीही रीत आहे. दुपारी तीनला मारलेलं वाया जातं, ऊन पुन्हा तापवतंच. सूर्य बुडाल्यावर मारा. आणि बादली उपडी करू नका, ते पाणी पन्हाळीतून जातं. एका चौरस मीटरला एक लिटर, झारीने. तेवढं जागच्या जागी उडालं तर तेवढा स्लॅब दहाएक अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. १० बाय १० फुटांच्या अंथरुणापुरत्या जागेला नऊ-दहा लिटर म्हणजे बादलीसुद्धा पुरी लागत नाही. ज्या भागात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पिण्याचं पाणी गच्चीवर टाकू नये. भाज्या-डाळी धुतलेलं, कूलरच्या टाकीतलं किंवा फिल्टरमधून वाया जाणारं पाणी चालतं. शक्य असेल तर सतरंजीऐवजी बाज टाका. खालून हवा खेळते आणि स्लॅबची धग पाठीला लागत नाही.

कोरड्या, निरभ्र आभाळातून जमिनीची उष्णताही झपाट्याने वर निघून जाते, म्हणून पहाटे वाकळ ओढावी लागते. आणि त्याच आभाळात तारे स्वच्छ दिसतात. मेच्या मध्याला नऊ-साडेनऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीची वाक तशीच पुढे वाढवली की नारिंगी स्वाती, आणखी पुढे पांढरी-निळसर चित्रा. त्याच वेळी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस, उभा असतो. हात लांब करून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. धूळ असेल किंवा शेजारी इमारत असेल तर तो हातचा जातो. त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. अकराच्या सुमारास स्वाती मध्यावर येते, आणि बीड, परभणी, नांदेड या पट्ट्यात ती जवळपास नेमकी डोक्यावर असते, कारण तिची आकाशातली क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर, १९ अंशांच्या आसपास आहे आणि आपल्या या गावांचे अक्षांशही तेवढेच. पाठीवर झोपलेल्या माणसाला त्यासाठी मान वळवावी लागत नाही. मोबाइल मात्र उशाखाली ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की ती पुन्हा मोजावी लागतात.

जूनमध्ये ढग जमले की हे सगळं मोडतं. हवेत ओल आली की माठ गार करेनासा होतो, तेव्हा तो घासून, वाळवून पालथा ठेवावा. कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, पाण्याची टाकी कोरडी करावी. कुरडया शेवटचं एक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. गरम भरल्या तर डब्यातच घाम धरतात.