नळी नाही, चरखी बघा

मंडळी, आयुष्यभर मी बंदुका दुरुस्त केल्या. समोर बरेच जण परवानाधारक आहेत, तेव्हा परवाना कसा काढायचा ते सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला चोरून मिळणाऱ्या गावठी कट्ट्याबद्दल तर बोलणारच नाही. तो गुन्हा आहे, आणि तो चालवणाऱ्याचाच हात आधी फोडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, रिव्हॉल्व्हर घेताना नळी बघून भुलू नका, चरखी बघा, म्हणजे काडतुसांची घरं असलेला तो फिरता भाग.

रावेरकडचे एक आबा, मोठे केळीबागायतदार, मूळ मालकाला सोबत घेऊन माझ्याकडे आले. आबांना घ्यायचं होतं ते बत्तीस बोअरचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर, वर निकेलचा झगझगीत मुलामा. "भाऊ, बर्मिंगहॅमचा शिक्का आहे, आता असं मिळत नाही." खरंच मिळत नाही. १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली, तेव्हापासून लोक हत्याराचे नाही, शिक्क्याचे पैसे देतात. याचा मला फार राग आहे. गंज घासून काढायचा, वर मुलामा चढवायचा. त्या घासण्यात हत्याराचा क्रमांकही पुसट होतो. परवान्यावर चढणार असतो तोच!

सहाही घरं रिकामी आहेत हे बघून मी चाप ओढून धरला आणि चरखी दोन बोटांनी हलवली. ती खुळखुळली. चाप दाबलेला असताना चरखी जागची हलता कामा नये. गोळी आधी घरातून सुटते, मग नळीत शिरते. दोन्ही एका रेषेत नसतील तर शिसं कडेला तासलं जातं आणि फटीतून उडतं, शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात. वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांवर काम केलेली मंडळी इथे आहेत, मापाचं मोल त्यांना विचारा. आबा म्हणाले, "थोडीच हलते." मी म्हटलं, "आबा, विहिरीवरच्या मोटरीच्या शाफ्टला एवढा खेळ असता तर पाण्याला लावली असती का?" आबा न बोलता उठले. पुढे कळलं, सौदा मोडला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि नवं की जुनं हे राहिलंच! पटकन सांगतो. पहिल्यांदा घेणाऱ्यानं नवंच घ्यावं, कानपूरचं. तिथल्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ मध्ये 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती, वजन सुमारे ५०० ग्रॅम. हलकं हत्यार बाळगायला बरं, पण हाताला झटका जास्त देतं. सराव करणाऱ्यानं जड घ्यावं.

जुनं घ्यायचंच असेल तर ओळखीच्या घरातलं, कमी चाललेलं, कारागिराला दाखवून. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. तोवर हत्यार ताब्यात घेऊ नका. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यातली एक जागा खुळखुळ्या मालानं अडवू नका. आणि लग्नात हवेत बार काढाल, तर २ वर्षांपर्यंत कैद आहे.

नळीच्या आतल्या खाचांबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी खाली थांबा. मी आहे.