वेशीवरचे पहिले तीन दिवस

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं नाव निघालं की कोल्हापूरच्या माणसाची मान ताठ होते, आणि ते रास्तच आहे. 1943 पासून 1948 पर्यंत पोलंडचे जवळपास पाच हजार लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, आपल्या शेजारी तिथल्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तिकडे वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी ते पुन्हा सांगत बसत नाही.

मला बोलायचंय ते त्यांच्या आधीच्या एका मुक्कामाबद्दल. ही माणसं थेट आपल्या दारात उतरली नव्हती. 1940 आणि 1941 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं होतं. 1941 च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली आणि 1942 च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, अशा दोन लोंढ्यांत, एक लाखाहून जास्त पोलिश सैनिक आणि नागरिक सोव्हिएत मुलखातून इराणमध्ये आले. बहुतेक जण कॅस्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरावर उतरले. आज त्या बंदराला अंझली म्हणतात. बोटीतून उतरलेली माणसं म्हणजे हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, केसांत उवा. उवांमुळे टायफसचा ताप. किनाऱ्यावर तंबूंचं गाव उभारलं होतं आणि त्याचे दोन भाग केले होते, एक रोगट, एक स्वच्छ. नव्याने आलेल्यांचे कपडे जाळायचे, डोकी भादरायची, अंघोळ घालायची आणि मगच दुसऱ्या भागात सोडायचं. कठोर वाटतं, पण त्यामुळे पुष्कळ जण वाचले.

एक चूक मात्र झाली. उपाशी माणसं बघून यजमानांना गलबलून आलं आणि त्यांनी मटण दिलं, तेलकट सूप दिलं. आपण कोल्हापूरकरांनीही हेच केलं असतं. दारी उपाशी पाहुणा आला तर आपण ताटभर वाढतो, रश्शाची वाटी पुन्हा पुन्हा भरतो. पण महिनोन्‌महिने उपाशी राहिलेलं शरीर ते पेलत नाही. आतडी झेपवू शकत नाहीत, रक्तातल्या क्षारांचा तोल जातो, हृदय बंद पडू शकतं. सायबेरियातून जगून आलेली माणसं जेवून मेली. टायफस, हगवण आणि ते जड जेवण, सगळं मिळून अंझलीच्या पोलिश दफनभूमीत सहाशेहून जास्त कबरी आहेत. त्यांतली काही माणसं, कुणी सांगावं, वळिवड्याला आली असती.

माझं आयुष्य सरकारी दवाखान्यांत गेलं, साथीच्या रोगांच्या कामात. त्यामुळे स्थलांतराची बातमी वाचताना मी राजकारण नंतर वाचते. आधी बघते की माणसं किती, किती दिवसांत आली, आणि पाणी कुठलं पितात. लोंढा वेस ओलांडतो तेव्हा गोळीचं भय मागे राहतं. पुढे जी माणसं मरतात ती आपल्या हद्दीत मरतात, पाण्याने, गर्दीने, आपण क्रम चुकवल्यामुळे. हा दुसरा मृत्यू आपल्या हातात असतो. मला तुमच्यापुढे एवढंच मांडायचं आहे.

हा मृत्यू किती मोठा असू शकतो, ते गोमा या गावी दिसलं. जुलै 1994. रवांडातला नरसंहार आणि युद्ध यानंतर पाच दिवसांत पाच ते आठ लाख माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईर, म्हणजे आजच्या काँगो देशात शिरली. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे सोमवारी मोकळं असलेल्या माळावर शुक्रवारपर्यंत अख्खं कोल्हापूर येऊन बसलं, आणि माळ कसला, तर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. संडासाला चर खणता येत नव्हते, मेलेल्याला पुरता येत नव्हतं. पाणी होतं ते किवू तलावाचं. लोक तिथेच बसायचे आणि तिथलंच प्यायचे. पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली, पाठोपाठ रक्ती हगवण. पहिल्या महिन्यात जवळजवळ 50 हजार माणसं गेली. हा आकडा कसा कळला? चटईत गुंडाळून रस्त्याकडेला ठेवलेली प्रेतं ट्रकमध्ये उचलली जात, त्यांच्या मोजदादीवरून.

गोम्यात मदत पोहोचली नव्हती असं नाही. जगभरच्या संस्था तिथे होत्या, विमानं उतरत होती. पण ढाक्याच्या जगप्रसिद्ध अतिसार संशोधन केंद्राचं पथक तिथे गेलं तेव्हा त्यांना दिसलं ते असं: रोग्यांच्या अंगात पाणी फार सावकाश भरलं जात होतं, चुकीचं सलाईन लावलं जात होतं, तोंडाने पाजायचं पाणी पुरेसं वापरलंच जात नव्हतं, आणि कर्मचाऱ्यांतल्या बहुतेकांनी पटकीचा अत्यवस्थ रोगी कधी हाताळला नव्हता. हे मी वाचलं तेव्हा मला फार लागलं. कारण ही विद्या त्याआधी 23 वर्षं आपल्या सीमेवर सिद्ध झाली होती.

बनगाव. पश्चिम बंगालमधलं सीमेवरचं गाव. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली आणि बनगावच्या वाटेने आलेल्या लोंढ्यात पटकी शिरली. तिथल्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले तेव्हा दोन खोल्यांत रोगी जमिनीवर पडले होते, उलट्या-जुलाबांत. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि त्या लावणारे हातही थोडे. डॉक्टरांनी एक निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. याची मिश्रणं कोलकात्यात बांधली, बनगावला आणली, तोटी लावलेल्या पिंपांत कालवली आणि रोग्याच्या आईला, भावाला, नवऱ्याला सांगितलं, पाजत राहा. जुलाब चालू असतानाही साखर आणि मीठ जोडीने गेले तर आतडं ते ओढून घेतं आणि मागोमाग पाणी ओढलं जातं, हे प्रयोगशाळेला ठाऊक होतं. निर्वासितांच्या छावणीत नातेवाइकांच्या हातून ते जमेल, यावर भरवसा ठेवणारे थोडे होते. आठ आठवड्यांत 3,700 हून जास्त रोग्यांवर उपचार झाले आणि मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आधी ते 30 टक्क्यांच्या घरात होतं. डॉ. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात ओआरएसची पुडी असते, तिच्यामागे बनगावची ती ओली जमीन आहे.

मला यात औषधाइतकाच मोलाचा वाटतो तो हातांचा वापर. लोंढा येतो तेव्हा डॉक्टर कधीच पुरत नाहीत, पण आलेल्या माणसांत आया असतात, शिक्षक असतात, परिचारिका असतात. त्यांना रांगेत बसवून नुसतं वाटप करत राहणं ही फार मोठी उधळपट्टी आहे.

गोम्यानंतर संस्थांनी स्वतःची चौकशी करून घेतली आणि 1997 मध्ये किमान निकष ठरवायला बसल्या. त्यांना स्फिअर निकष म्हणतात. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, 250 माणसांमागे एक नळ, 20 माणसांमागे एक संडास. अगदी पहिल्या दिवसांत 50 माणसांमागे एक चालेल, पण तो हवाच. आणि दहा हजार माणसांत रोज एकाहून जास्त मृत्यू होत असतील तर ती आणीबाणी समजायची. या आकड्यांत भावना नाही, म्हणून आपल्याकडे ते कुणी पाठ करत नाही. मी मात्र तुम्हाला पाठ करायला सांगणार आहे. यांत मुलांना गोवराची लस धरा, सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत, पहिल्याच दिवसांत. दाटीवाटीच्या छावणीत कुपोषित मुलाला गोवर झाला तर तो जिवावर बेततो. 2017 मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हा लसीविना राहिलेल्या मुलांमुळे घटसर्प उसळला होता. मी नोकरीत असताना घटसर्पाला आम्ही जुन्या पुस्तकातला रोग समजायला लागलो होतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते. मार्च 2020 ची अखेर. देश बंद झाला होता आणि पुणे-बंगळूर महामार्गावरून माणसं चालत निघाली होती. कागलच्या पुढे कोगनोळीजवळ राज्याची हद्द, तिथे नाका लागलेला. आम्ही पाच-सहा जण गाडीत बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या भरून गेलो. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याकडेला बायकांचा एक घोळका बसला होता, उत्तर कर्नाटकातल्या मजूर बायका. एकीच्या पुढे बाटली धरली तर ती घेईना. ओठ सुकलेले दिसत होते. मी आग्रह केला तेव्हा हळूच म्हणाली, “नको अक्का. पाणी पिलं की जायला लागतंय. जाऊ कुठं?”

सकाळपासून त्यांच्यातल्या कुणीच पाणी प्यायल्या नव्हत्या. समोर सगळा सपाट रस्ता आणि पुरुषांची गर्दी. मी साथरोगाची डॉक्टर, छावण्यांचे निकष मला तोंडपाठ, आणि मी बिस्किटं घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कुदळ, बांबू आणि जुनी लुगडी घेऊन गेलो. शेताच्या मालकाला विचारून बांधाआड चर खणला, आडोसा केला, बाहेर पाण्याचा ड्रम आणि साबण ठेवला. तासाभरात पाण्याच्या बाटल्या संपल्या.

तेव्हापासून मी सांगते, रांग जिथे थांबते तिथे आधी संडास, मग पाणी, मग अन्न. हा क्रम कुणाला आवडत नाही. संडासाचा फोटो निघत नाही.

रांगेबद्दल आणखी थोडं. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात दहा लाख माणसं देशाबाहेर पडली, त्यांतली निम्म्याहून अधिक पोलंडमध्ये. ज्यांच्या आज्यांना कधीकाळी वळिवड्याने ठेवून घेतलं होतं, त्या देशाच्या मेडिका नाक्यावर आपली मुलं उभी होती, वैद्यकीय शिकायला गेलेली, आपल्या महाराष्ट्रातलीही. फाटकाच्या पोलिश बाजूला गरम सूप होतं, ब्लँकेटं होती, पशेमिशल स्टेशनवर पोलिश आयांनी अनोळखी बाळांसाठी बाबागाड्या आणून ठेवल्या होत्या. मला त्या बाबागाड्या फार आवडतात. बाळाला कडेवर घेऊन दोन दिवस उभ्या असलेल्या बाईला काय लागेल ते ओळखून आणलेली ती वस्तू होती. पण फाटकाच्या पलीकडे शून्याखालच्या थंडीत लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस उभे होते. रंग बघून आम्हाला मागे ठेवलं, अशी तक्रार भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांनी केली. मदत नेहमी फाटकाच्या आतल्या बाजूला मांडली जाते आणि माणूस बाहेरच्या बाजूला खचतो. रांगेच्या शेपटाशी कोण पडलंय हे बघणारा माणूस शेपटाशीच उभा राहायला हवा.

कागदाचंही असंच. युरोपीय संघाने 2001 मध्ये एक कायदा करून ठेवला होता, लोंढा आला तर एकेकाची चौकशी करत न बसता सगळ्यांना तात्पुरतं संरक्षण द्यायचं. तो 2022 च्या मार्चपर्यंत एकदाही वापरला नव्हता. त्या मार्चमध्ये तो पहिल्यांदा वापरला.

आणि मुलं. युक्रेनमधल्या आयांनी मुलांच्या अंगावर पेनाने नाव आणि फोन नंबर लिहिले होते, आपण मेलो तर मूल कुणाचं ते कळावं म्हणून. पशेमिशलला अनोळखी गाड्यांतून बायका-मुलांना घेऊन जाणारे कोण, याची धास्ती पडली आणि मग गाडीवाल्यांची नोंद सुरू झाली. ती पहिल्या तासापासून हवी. मूल आणि मोठं माणूस यांची नावं एकत्र लिहा, गाडीचा नंबर लिहा, मुलाच्या हाताला चिठ्ठी बांधा. हरवलेल्या मुलाला अन्न द्यायला हजार हात पुढे येतात. त्याला घेऊन जायला जो पुढे येतो त्याला थांबवून विचारायला एकही येत नाही.

आपल्याकडे परदेशाची सीमा नाही, मग हे इथे कशाला, असं कुणाच्या मनात असेल. 2019 चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती आणि शिरोळ तालुक्यातली माणसं गुरंढोरं घेऊन निघाली होती. एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी होते. दारात जुन्या कपड्यांचा छताला टेकेल एवढा ढीग, त्यात पार्टीचे झगे, सुटाबुटाचे कोट, आणि आत चारशे माणसांना चार संडास. तो ढीग हलवण्यात दहा तरुणांचा अख्खा दिवस गेला. त्या दिवसात त्यांनी आठ संडासांचे चर खणले असते. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, मी ते स्वतः बघितलं आहे. त्या मनाला नेमकी यादी हवी होती, आणि ती आम्ही, आरोग्यवाल्यांनी, वेळेत दिली नाही.

यादी लहान आहे. झाकणाच्या आणि तोटीच्या बादल्या, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, कुदळी, बांबू, ताडपत्री, साबण, सॅनिटरी पॅड, ओआरएस, वही आणि पेन. तुमच्या तालमीत, मंडळाच्या खोलीत, एका कोपऱ्यात हे बसतं. जूनच्या आधी जमवून ठेवा.

शिरोळहून दोन आशाताई आणि एक जलसुरक्षक माझ्याबरोबर आलेत. बाहेर व्हरांड्यात त्यांनी टेबल मांडलंय. पाण्यात क्लोरीन उतरलंय की नाही ते ओटी टेस्टने कसं बघायचं, पिवळा रंग कसा येतो, ते जलसुरक्षक दाखवतील. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा सपाट चमचा मीठ, ते आशाताई तुमच्याकडून करून घेतील. जाताना दहा मिनिटं थांबा आणि स्वतःच्या हाताने कालवा. मग एक घोट पिऊन बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालंय, ते ओतून द्या आणि पुन्हा करा.