पॉइंट कुणाला, व्याज कुणाला

(नाशिकमध्ये एका कामगार सहकारी पतसंस्थेच्या सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सभासद बंधू-भगिनींनो, संचालक मंडळाने मला विषय दिला तो असा: बॅलन्स ट्रान्सफर (एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवणं) आणि रिवॉर्ड (खरेदीवर मिळणारे पॉइंट), दोन्हीसाठी चांगलं क्रेडिट कार्ड कसं निवडावं. मी जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसलेली बाई, त्यामुळे आधी थोडी कुरकुर करते. ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत. ज्याच्या कार्डावर थकबाकी पुढे सरकत राहते, त्याने रिवॉर्डचा विचार करायचं कारणच नाही. जो दर महिन्याला सगळं बिल भरून मोकळा होतो, त्याला बॅलन्स ट्रान्सफर हवंच कशाला? तेव्हा कार्ड कुठलं हे नंतर बघू. आपण यांतले कोण, हे आधी ठरवा. गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि 'फायनान्स चार्जेस', म्हणजे व्याजाची ओळ शोधा. तिथे एकदाही आकडा दिसला तर तुम्ही पहिल्या गटात.

पहिल्या गटाचा हिशोब सांगते. समजा ८०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. आपल्याकडे बहुतेक कार्डांचा दर याच आसपास असतो. म्हणजे महिन्याला २,८०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. झाले ३,३०४. आता किमान देय रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही ४,००० रुपये भरता आणि 'हप्ता वेळेवर गेला' म्हणून निश्चिंत होता. मुद्दल कमी झालं किती? ६९६ रुपये. शिवाय मागचं बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. परवा पेट्रोल भरलंत, त्यावर परवापासूनच व्याज सुरू.

या व्याजाला कुणी लगाम घालेल अशी आशा ठेवू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२, आणि ते कायद्यात बसतं.

आता बॅलन्स ट्रान्सफर. दुसरी बँक तुमच्या जुन्या कार्डाची बाकी चुकती करते आणि तेवढी रक्कम आपल्या कार्डावर चढवते. अमेरिकेत राहणारे आपले भाचे-पुतणे फोनवर सांगतात, 'मावशी, शून्य टक्के, अठरा महिने!' ते खोटं सांगत नाहीत. तिकडे १२ ते २१ महिने शून्य व्याजाची कार्डं खरोखर मिळतात, सुरुवातीला तीन ते पाच टक्के शुल्क घेऊन. पण तो सल्ला विमानात बसून इकडे येत नाही. आपल्याकडे शून्य टक्के असलंच तर दोन-तीन महिन्यांपुरतं. त्यापुढची मुदत हवी असेल तर रक्कम हप्त्यांत बांधतात, कमी व्याजाने, वर प्रक्रिया शुल्क. नव्या कार्डाची सगळी मर्यादाही त्यासाठी वापरू देत नाहीत. मर्यादा लाखाची असली तरी लाखाची बाकी हलेल असं धरून चालू नका. एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर हलवता येत नाही, हेही विसरू नका.

तेच ८०,००० घ्या. महिना एक टक्का, बारा हप्ते, दोन टक्के प्रक्रिया शुल्क. हप्ता साधारण ७,१०८ येतो. वर्षभरात व्याज सुमारे ५,३००, त्यावर जीएसटी साडेनऊशे, प्रक्रिया शुल्क जीएसटी धरून १,८८८. एकूण खर्च ८,१०० च्या घरात. हेच ८०,००० जुन्या दराने, नवीन काहीही न खरेदी करता, बारा समान हप्त्यांत फेडायचं म्हटलं तर खर्च २३,००० च्या पुढे जातो. पंधरा हजारांचा फरक. म्हणून ट्रान्सफर वाईट आहे असं मी म्हणत नाही.

पण तुम्ही पतसंस्थेचे सभासद आहात म्हणून एक बारीक गोष्ट सांगते, ती कार्ड विकणारा मुलगा सांगणार नाही. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर लागतो. त्यामुळे कार्डावरचा १२ टक्के हा दर प्रत्यक्षात १४.१६ होतो, आणि प्रक्रिया शुल्क वेगळंच. आपल्या पतसंस्थेचा दर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, मी आपला १४ टक्के धरते, घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. ८०,००० ला वर्षाचं व्याज होतं सुमारे ६,२००. एक टक्कावाल्या ट्रान्सफरपेक्षा दोन हजारांनी स्वस्त! बाराचा आकडा चौदापेक्षा महाग पडतो तो असा. सोनेतारण कर्जाचं किंवा मुदत ठेवीवरच्या कर्जाचंही गणित एकदा मांडून बघा. ठेव मोडायला जीव होत नाही आणि कार्डावर ४२ टक्के भरत बसतात, असली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

(सभागृहातून प्रश्न: जामीनदार मिळत नाही, मग काय करायचं?)

बरोबर आहे, तिथेच ट्रान्सफरचा उपयोग. जामीनदार नाही, तारण नाही, पगार बरा आहे आणि सिबिलचा आकडा अजून घसरलेला नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. आपण कर्ज कसं फेडतो हे दाखवणारा हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो बिघडला की ट्रान्सफर देणारी बँक दारात उभं करत नाही. म्हणजे औषध हवं असतं तेव्हाच दुकान बंद. दुसरा उपयोग, पैसे येणार हे नक्की असेल तेव्हा. दिवाळीचा बोनस दोन महिन्यांवर आहे आणि साठ दिवसांची शून्य टक्के योजना मिळतेय, तर ८०,००० ला १,८८८ मध्ये काम होतं. एरवी दोन महिन्यांत साडेसहा हजार गेले असते. मात्र बोनसवर आधीच बायकोची साडी, पोराचा मोबाईल लिहून ठेवला असेल तर या वाटेला जाऊ नका.

ट्रान्सफर मंजूर झालं तरी पैसे जुन्या कार्डावर जमा झालेले दिसेपर्यंत तिथली देय तारीख पाळा. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की बँक खातं थकीत म्हणून कळवू शकते. आणि जुनं कार्ड रिकामं झालं की काय करायचं? पुस्तकी सल्ला असा की बंद करू नका, एकूण मर्यादा कमी होते आणि सिबिलवर थोडा परिणाम होतो. माझं मत वेगळं आहे. ज्या हाताने एकदा ८०,००० केले तो हात वर्षात परत करतो. बंद करा. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. 'मॅडम, तुम्हाला खास ऑफर आहे' म्हणून फोनवर तासभर अडवून ठेवतात, तेव्हा हा नियम हळूच उच्चारा.

आता दुसरा गट, पूर्ण बिल भरणारे. तुमचं काम सोपं आहे, म्हणून तुमच्यावर कमी वेळ घालवते. पॉइंटची संख्या बघू नका, पॉइंटची रुपयांतली किंमत विचारा. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटचे पंचवीस पैसे, असं असेल तर १०,००० पॉइंट म्हणजे अडीच हजार रुपये. ते मिळवायला दहा लाखांची खरेदी करावी लागते! त्यात पॉइंट वटवायचं शुल्क आणि त्यांची मुदत. घरभाडं, वॉलेट, इंधन, हप्त्यांवरची खरेदी यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत. ट्रान्सफरच्या रकमेवर तर नाहीच नाही. म्हणून आपल्यासारख्यांना सरळ कॅशबॅक देणारं, वार्षिक शुल्क नसलेलं कार्ड बरं. आपण महिन्याचा किराणा जिथून भरतो तिथे ते काय देतं, एवढंच पाहायचं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे यूपीआयनेच देत असाल तर यूपीआयला जोडता येणारं रूपे क्रेडिट कार्ड आहे. विमानतळाच्या लाउंजसाठी मात्र वर्षाला हजारो रुपये भरू नका. सातपूरहून अंबडला जायला लाउंज लागत नाही.

हे पॉइंट येतात कुठून, असं मला कुणीतरी विचारावं अशी माझी इच्छा असते. काही दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून, काही त्या ३,३०४ मधून. पहिल्या गटातला माणूस दुसऱ्या गटातल्याच्या चहा-बिस्किटाचे पैसे भरतो, आणि वर त्याच्याकडे कार्डही तेच असतं.

वेळ झाली. चहा बाहेर ठेवलाय, मी अर्धा तास थांबणार आहे. ज्यांना आपला हिशोब मांडून हवा आहे त्यांनी मोबाईलवर स्टेटमेंट उघडून या. कार्ड नंबर बोटाने झाका, मला त्याची गरज नाही. आणि ओटीपी विचारला तर तो माझा फोन नाही, एवढं घरीही सांगून ठेवा.