पालखीतला माणूस

[दृश्य: कोल्हापुरातलं जुनं थिएटर. पहिला दिवस, पहिला खेळ. दारात फेटे बांधलेली पोरं.]

पडदा उजळला आणि घोषणांनी थिएटर दणाणलं. पन्हाळ्याचा वेढा, सन १६६०. इथून वीसेक किलोमीटरवरचा गड, म्हणजे विषय आपल्या घरचाच. मध्यंतर यायच्या आत मात्र निम्म्या रांगांत मोबाइल चमकायला लागले होते.

सिनेमा वाईट म्हणावा, तर तसंही नाही. माझ्या शेजारी मर्दानी खेळाचे एक वस्ताद नातवाला घेऊन बसले होते. पडद्यावर दांडपट्टा फिरला, तसे ते पुढं सरकले. खोबळ्यात गेलेला हात, ताठ मनगट, वार सगळा खांद्यातून. "शिकवणाऱ्यानं बरोबर शिकवलंय," म्हणाले, आणि परत मागं टेकले. पगड्या, अंगरख्यांचे बंद, मशालींचा धूर, कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

मग अडलं कुठं? गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती म्हणून? मला नाही पटत. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. कीचक मरणार, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी तो वध असा अंगावर आला, की सेन्सॉरनं ते दृश्य कापायला लावलं. आणि हा मूकपट!

[दृश्य: पन्हाळा, भर पावसात. शिवा काशीद यांचा पुतळा.]

सिद्दी जौहरचा वेढा मार्चमध्ये पडला. महाराज गडावरून निसटले ते जुलैत, धो धो पावसाच्या रात्री. मधले चार महिने सिनेमात एका गाण्यात उरकले. ढग, तटबंदी, पुन्हा ढग.

आणि शिवा काशीद. पायथ्याच्या नेबापूरचा न्हावी. महाराजांचा वेश चढवून हा माणूस पालखीत बसला, तो शत्रूच्या हाती लागण्यासाठीच. अंगरख्याचे बंद त्यानं स्वतः बांधले असतील, की कुणी बांधून दिले? घरी काय सांगून आला असेल? कॅमेरा जिरेटोपावर थांबतो. तुऱ्यातला मोती न् मोती मोजावा, इतका जवळ. पालखीचा पडदा पडतो. पुढं तो दिसतो तो मारला जातानाच.

खिंडीतली लढाई त्यानंतर चांगली अर्धा तास चालली. बाजीप्रभू पडले, तेव्हा पुढच्या रांगेत कटवडा कुठल्या गाडीवर चांगला मिळतो याची चर्चा रंगली होती. खोटं कशाला बोलू, माझाही एक कान तिकडंच होता.

[दृश्य: थिएटरबाहेर स्कूटरची गर्दी.]

बाहेर आल्यावर नातवानं विचारलं, "आजोबा, त्या पालखीतल्याला आधीच माहीत होतं, आपण मरणार म्हणून?"

वस्तादांनी किक मारली.

"बस मागं. सांगतो."