वाळवंटाचं खापर बकऱ्यांवर: एन. एस. जोधांचं काम

हे पश्चिम राजस्थान. ही खेजडी, म्हणजे आपली शमी, मध्येमध्ये थोडा बाजरा आणि बाकी वाळूच वाळू. इथली जमीन उजाड का होते म्हणून साहेबलोकांना विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, बकऱ्या फार झाल्या, लोक अडाणी. बिचाऱ्या बकऱ्या, खापर फोडायला त्याच सापडतात!

एन. एस. जोधा हे अर्थशास्त्रज्ञ, १९६० च्या दशकात जोधपूरच्या काझरीत होते, वाळवंटी शेतीवर काम करणारी ही सरकारी संस्था. त्यांनी बघितलं की जमिनीचा कारभार कुणाच्या हातात होता आणि तो गेला कुठे. जागीरदारीत ठाकूर, म्हणजे जागीरदार, गावकऱ्यांना पिळायचा, चराईचा कर, वेठबिगार, सगळं होतं, त्याचं गुणगान नकोच, पण त्या जाचातच चराईला एक लगाम होता. १९५० नंतर जागिरी गेल्या, कर गेले, लगामही गेला, आणि गोचर, म्हणजे गावाच्या सामायिक चराईच्या जमिनी वाटायला निघाल्या, नाव अर्थातच गरिबांचं. त्यात ट्रॅक्टर आला. पावसानंतर ओल टिकते जेमतेम, तेवढ्यात बैलांनी जे होईल तेवढंच नांगरलं जायचं, आता जी जमीन फक्त चराईलाच बरी होती तीपण नांगराखाली गेली. यावर त्यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय.

मग ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये गेले, कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था. तिथं १९७५ पासून गावांचा अभ्यास सुरू झाला, माहिती घेणारी माणसं गावातच मुक्कामाला, आणि त्यात आपली गावंपण आहेत बरं का, सोलापूरकडचं शिरापूर, कळमण, अकोल्याकडचं कंझारा, किनखेडा. १९८६ चा त्यांचा पेपर कोरडवाहू भागातल्या ७ राज्यांचा आहे. तीसेक वर्षांत सामायिक जमीन ३१ ते ५५ टक्क्यांनी घटली, आणि जी वाटली गेली त्यातली ४९ ते ८६ टक्के गरीब नसलेल्यांच्याच घरात. आपल्याकडच्या गायरानांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यात काय नवल वाटणार!

पण मला त्यांचं सगळ्यात भारी काम वाटतं ते १९८८ चं. राजस्थानातली दोन गावं, १९६३ ते ६६ मध्ये पाहिलेली, १९८२ ते ८४ मध्ये पुन्हा पाहिली. ज्या घरांचं उत्पन्न ५ टक्क्यांहून जास्त घसरलं होतं, म्हणजे कागदावर जी आणखी गरीब झालेली, त्यांनाच विचारलं, बरं चाललंय हे तुम्ही कशावरून ओळखता? लोकांनी सांगितलं, पायात नेहमी चप्पल असते का, मालकाच्या आवारात झोपावं लागतं का, घरातलं कुणी सालगडी आहे का. अशा ३८ गोष्टी निघाल्या आणि ३७ मध्ये ती घरं आधीपेक्षा बरी होती! आता गंमत बघा, गोचर गेलं हेही खरं आणि सालगडीपण सुटलं हेही खरं, दोन्ही एकाच माणसाने दाखवलंय, त्यामुळे कुठल्याच पार्टीला जोधा पूर्ण सोयीचे पडत नाहीत.

पुढे ते काठमांडूच्या इसिमोडमध्ये गेले, ही डोंगराळ भागांच्या विकासावर काम करणारी संस्था, तिथं हिमालयातल्या डोंगरी शेतीवर लिहिलं, तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.