चादरीखालची पट्टी

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. टेबलापाशी एकच दिवा.)

रात्रीचे अडीच. पंख्याची घरघर, पलीकडच्या कॉटवर कुणाचा तरी खोकला. नऊ नंबरचे आजोबा जागे झालेत. वय ७८. लघवी लागलीय. खाली सतरंजीवर मुलगा झोपलाय, दिवसभर ऑफिस करून आलेला. त्याला कशाला उठवायचं? बेल उशाशी आहे, पण सिस्टर आत्ता कुठे टेबलाशी टेकल्यात. कॉटचे कठडे वर आहेत. आजोबा हळूहळू पायथ्याकडे सरकतात आणि पाय खाली सोडतात.

टीं टीं टीं टीं.

हे दृश्य आम्ही कॅमेऱ्यासाठी घडवलंय. पण नाइट ड्यूटी केलेल्या कुठल्याही सिस्टरला दाखवा. त्या म्हणतील, आमच्याकडे फक्त कॉटचा नंबर वेगळा होता.

(दृश्य: चादरीखालून पट्टी बाहेर काढणारा हात.)

वाजली ती ही पट्टी. रोगी एकटाच उतरून पडू नये म्हणून लावलेली. हातभर लांब, चपटी, वरून रेक्झिनसारखी. आत वीज वाहू देणारे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये थोडी पोकळी. माणूस आडवा झाला की वजनाने थर एकमेकांना टेकतात. तो उठला की सुटतात. सुटले की कॉटला टांगलेली डबी वाजते. काही महागड्या कॉटमध्ये पट्टी नसतेच, कॉटच्या सांगाड्यातच वजनकाटे बसवलेले असतात. रोगी कडेला सरकला एवढंही त्यांना कळतं.

खरी गंमत पट्टी कुठे ठेवायची यात आहे. कमरेखाली ठेवली, तर माणूस बूड उचलेपर्यंत ती गप्प. पाठीखाली ठेवली, तर तो उठून बसताक्षणी बोलते, पण मग कूस बदलली तरी बोलते. म्हणून काही डब्यांना विलंबाची सोय असते. दोन-चार सेकंद थांबायचं आणि मगच वाजायचं. खोटे अलार्म कमी होतात. आणि आजोबा तेवढे सेकंद पुढे गेलेले असतात.

पट्टी कुणाला लावायची, तेही ठरवावं लागतं. त्यासाठी बऱ्याच रुग्णालयांत परिचर्येच्या संशोधक जॅनिस मोर्स यांनी तयार केलेला, रोगी पडण्याचा धोका मोजणारा गुणांचा तक्ता वापरतात. आपल्या आजोबांचे गुण मोजू. अलीकडेच घरी मोरीत पडले होते, २५. हाताला सलाईन, २०. एकाहून जास्त आजार, १५. झाले ६०. चालणं कसं आहे ते अजून पाहिलेलंच नाही. ४५ च्या पुढे गेलं की अनेक ठिकाणी रोगी जास्त धोक्याचा धरतात.

(दृश्य: अमेरिकेचा नकाशा, मेम्फिसवर ठिपका.)

आता जरा लांब जाऊ. २००८ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने एक नियम लागू केला. रोगी रुग्णालयात पडला आणि त्याला इजा झाली, तर त्या इजेवरच्या उपचारांचे जादा पैसे मिळणार नाहीत. पडण्याची किंमत अशी थेट बिलात आली. साहजिकच पट्टीकडे सगळे आशेने पाहू लागले.

टेनेसी राज्यात मेम्फिसच्या एका रुग्णालयाने मात्र ही आशा तपासून पाहिली. १६ वॉर्ड, २७,६७२ रोगी. निम्म्या वॉर्डांत परिचारिकांना अलार्मचं शिक्षण दिलं, वापरासाठी पाठपुरावा केला. उरलेल्यांत नेहमीसारखं चालू ठेवलं. निकाल २०१२ साली छापून आला. शिकवलेल्या वॉर्डांत अलार्मचा वापर कितीतरी पटींनी वाढला होता. आणि पडण्याचं प्रमाण? दोन्हींमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही.

कुणी म्हणेल, आवाज ऐकू गेला नसेल. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला तीही शंका फेडून झाली. तिथे पट्टी कॉटवर लावली, शेजारच्या खुर्चीवरही लावली, आणि इशारा थेट परिचारिकेच्या पेजरवर पाठवला. १,८३९ वयस्कर रोगी, दोन गट. पट्टीवाल्या गटात कॉटजवळ ८५ वेळा पडणं झालं, बिनपट्टीच्या गटात ८३ वेळा.

(दृश्य: पुन्हा वॉर्ड. सिस्टर दोन कॉटच्या मधून धावत येताना.)

असं का व्हावं? ही धाव बघा. सिस्टर चौदा नंबरला सलाईन बदलत होत्या. ते अर्धवट सोडायचं, हात मोकळे करायचे, वॉर्ड ओलांडायचा. इकडे आजोबा उभे राहिलेत. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. म्हातारपणी, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, वरचा दाब पहिल्या तीन मिनिटांतच २० नी किंवा अधिकही घसरू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते. सलाईनचा स्टँड धरावा, तर त्याला चाकं. खुबा मोडायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

शिवाय वॉर्डात वाजणारी ही एकटीच नाही. मॉनिटर वाजतो, सलाईनचा पंप वाजतो, फोन वाजतो. ऐकून ऐकून कान बधिर होतात, आणि याचा दोष मी तरी सिस्टरांना देणार नाही. अर्धवट झोपेतला, गोंधळलेला रोगी तर त्या आवाजानेच दचकून धडपडतो. अमेरिकेत नर्सिंग होमसाठीच्या सरकारी मार्गदर्शनात असे अलार्म रोग्याला बांधून ठेवण्यासारखे ठरू शकतात असं म्हटलंय. आवाज होईल या भीतीने म्हातारी माणसं कूसही बदलेनाशी होतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. ‘पट्टी लावलीय ना, मग मी चहा घेऊन येतो.’ नातेवाईक निश्चिंत होऊन कँटीनला जातात.

मग पट्टी काढून टाकायची? माझं मत तसं नाही. जो रोगी भ्रमात आहे, बेल दाबायची आठवण ज्याला राहत नाही, त्याच्या उशाशी रात्रभर बसायला कुणी नसेल तर ती असलेली बरी. फक्त तिच्यावर सगळा भार टाकू नये. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या १४ वॉर्डांत कॉटच्या डोक्याशी एक साधा तक्ता लावला होता. या रोग्याला धोका कशाचा आणि त्यावर काय करायचं, हे चित्रांत. तो तक्ता सिस्टर एकट्या भरत नसत. रोगी आणि घरचे सोबत असत. त्या चित्रांत अलार्मचंही एक चित्र होतं, पण त्याच्या शेजारी काठीचं होतं, धरून नेणाऱ्या माणसाचं होतं, ठरावीक वेळी संडास-बाथरूमला नेण्याचंही होतं. २०२० साली आकडे आले: पडणं १५ टक्क्यांनी कमी, पडून इजा होणं ३४ टक्क्यांनी कमी.

(दृश्य: तोच वॉर्ड, दुसरी रात्र. घड्याळात दहा.)

आज नऊ नंबरच्या कॉटची उंची कमी केलीय. आजोबांच्या सपाता उजव्या हाताला, जिकडून ते उतरतात तिकडे. चष्मा उशाशी. डबीवरचा हिरवा दिवा चालू. सिस्टर येतात, ती डबी बंद करतात आणि हात पुढे करतात.

“आजोबा, चला, बाथरूमला जाऊन येऊ.”

“आत्ता नाही लागली हो, सिस्टर.”

“नसू दे. आधी बसा. पाय खाली सोडा. गरगरतंय का? नाही ना? मग उठा आता, माझा हात धरून.”