फोटोतली बंदूक आणि भिंतीवरची बंदूक

श्रोतेहो, नमस्कार.

किराण्यापासून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांपर्यंत सगळे फोनवरून मागवण्याची आपल्याला सवय झाली आहे, आणि त्यामुळे काटोल-नरखेडकडचे बागायतदार, सैन्यातून निवृत्त झालेले स्नेही आणि नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक मला अलीकडे एकच प्रश्न विचारतात. बंदूकही ऑनलाइन घेता येते का, की त्यासाठी अजूनही दुकानाची पायरी चढावी लागते? माझ्या नावावर तीस वर्षांपासून एका साध्या एकनळी बंदुकीचा परवाना आहे, तेवढ्या अधिकाराने मी उत्तर देतो. चौकशी फोनवर करावी, परवान्याचा अर्ज संगणकावर भरावा, किमतीही पाहून ठेवाव्यात. बंदूक मात्र परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात स्वतः जाऊन, हातात धरून आणि कागदावर नोंद करूनच घ्यावी. क्रम लक्षात ठेवा : आधी परवाना, मग दुकान, मग बंदूक.

या क्रमामागे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र मिळवता किंवा बाळगता येत नाही, आणि कलम ५ नुसार त्याचा व्यापार करणाऱ्यालाही वेगळा परवाना लागतो. आपण नागपूर शहरात राहत असाल तर आपला अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो; उमरेड, रामटेक, काटोल अशा ग्रामीण भागात राहत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि प्रत्येक परवानाधारकाला देशभरात एकच असा ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि एका माणसाकडे असू शकणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. त्याच दुरुस्तीने आनंदाच्या भरात, बेदरकारपणे गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. वरातीत हवेत बार उडवणे हा मर्दुमकीचा भाग आहे असे मानणाऱ्यांविषयी माझे मत फार वाईट आहे, आणि ते सांगण्याची संधी मी सहसा सोडत नाही. असो.

आता जी हकिगत सांगण्यासाठी मी खरे तर हा विषय निवडला, ती सांगतो.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, काटोलजवळ संत्र्याची बाग राखून होते. रानडुकरांचा उपद्रव वाढल्यामुळे त्यांनी फार पूर्वी पीक संरक्षणासाठी परवाना काढला होता. कायद्याला यासाठी मुळात नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक अभिप्रेत आहे. ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. मोठेबाबांना अशीच एक जुनी दुनळी बारा बोअर (हे नळीच्या रुंदीचे माप) मिळाली होती. हा परवाना बंदूक बाळगण्याचा होता, रानडुक्कर मारण्याचा नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली निराळी परवानगी लागते, आणि मोठेबाबांची बंदूक उभ्या आयुष्यात हवेत आवाज काढण्यापलीकडे फारशी गेली नाही. माझ्या मते अशा बागेला बंदुकीपेक्षा चांगले कुंपण जास्त उपयोगी पडते, पण मोठेबाबांपुढे हे बोलण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.

एका उन्हाळ्यात त्या दुनळीचा सांधा ढिला झाला. माझा चुलतभाऊ तेव्हा नागपुरात अभियांत्रिकीला होता आणि जगातली प्रत्येक वस्तू दुकानापेक्षा फोनवर स्वस्त मिळते असा त्याचा ठाम सिद्धांत होता. त्याने शोधून शोधून एक पान काढले. त्यावर एका देखण्या दुनळीचा फोटो होता, शेजारी लष्करी गणवेशातल्या माणसाचा फोटो होता, किंमत बाजारभावाच्या निम्मी होती, आणि खाली लिहिले होते की बंदूक घरपोच मिळेल, कागदपत्रांचे हस्तांतरणही आम्हीच करून देऊ. चुलतभावाने कोणाला न विचारता पाच हजार रुपये बुकिंगचे म्हणून पाठवले. चार दिवसांनी वाहतूक परवान्यासाठी आणखी अकरा हजार मागितले गेले, तेही त्याने पाठवले. त्यानंतर पोलीस पडताळणीच्या नावाखाली तिसरी रक्कम मागितली गेली, तेव्हा मात्र त्याच्याकडचे पैसे संपले आणि सगळी गोष्ट मोठेबाबांच्या कानावर गेली.

मोठेबाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘‘आधी जुनी बंदूक दुकानात दाखवून येऊ, मग तुझ्या नव्या बंदुकीचं पाहू.’’ मे महिन्यातल्या दुपारी, डोक्याला दुपट्टे बांधून, आम्ही तिघे सीताबर्डीच्या बाजूला असलेल्या एका जुन्या विक्रेत्याकडे गेलो. दुकान इतके लहान होते की तिघे उभे राहिल्यावर चौथ्याला जागा नव्हती. काउंटरमागे जाड चष्म्याचे वृद्ध गृहस्थ बसले होते. आपल्याला काय हवे आहे, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी हात पुढे केला आणि म्हटले, ‘‘परवाना.’’ मग ते पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून वाचले : नाव, पत्ता, बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक, एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील, वर्षाला किती घेता येतील, मुदत कधी संपते. पाच-सात मिनिटे कोणी बोलले नाही. मला तेव्हाच वाटले की या शांततेचेच पैसे आपण दुकानदाराला देतो.

नंतर त्यांनी आमची दुनळी उघडली, आत काडतूस नाही याची दोनदा खात्री केली आणि नळ्या ट्यूबलाइटकडे धरून पाठीमागून आत पाहिले. चांगल्या नळीच्या आत प्रकाशाची वर्तुळे एकामागे एक स्वच्छ दिसतात. आमच्या उजव्या नळीत ती एका जागी मोडत होती. त्यांनी मोठेबाबांना जवळ बोलावून ते दाखवले. गंजाने आतून धातू खाल्ला होता, आणि तेही नेमके काडतुसाच्या घराच्या पुढे, म्हणजे बार उडताना दाब सर्वांत जास्त असतो तिथे. ‘‘भाऊ, सांधा राहू द्या. या नळीतून यापुढे एकही बार काढू नका. डावा हात जाईल तुमचा.’’ डावा हात नळीखाली असतो, हे बंदूक धरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मोठेबाबा खाली बसले.

वातावरण हलके व्हावे म्हणून असेल, पण चुलतभावाने त्या क्षणी फोन पुढे केला आणि म्हणाला, ‘‘काका, आम्ही ही पाहून राहिलो. कशी वाटते?’’ गृहस्थांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग काहीही न बोलता ते उठले, मागच्या भिंतीवर साखळीने बांधलेल्या बंदुकांपैकी एकीचे कुलूप काढून त्यांनी ती काउंटरवर ठेवली. दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागावर, एक तिरपा ओरखडा होता आणि खाली जिथे लाकूड तडकले होते तिथे पितळेची छोटी पट्टी ठोकलेली होती. फोटोतही तोच ओरखडा होता. फोटोतही तीच पट्टी होती. फोटोच्या कोपऱ्यात अर्धवट दिसणारे कॅलेंडरसुद्धा त्यांच्याच भिंतीवर, त्याच खिळ्याला, जुने झालेले लटकत होते. ज्या बंदुकीसाठी चुलतभावाने सोळा हजार रुपये कोण जाणे कोणत्या गावी पाठवले होते, ती बंदूक आमच्यापासून तीन हातांवर होती.

त्याहून पुढची गोष्ट अशी की ती विकायची नव्हतीच. तिचा मालक वारला होता आणि वारसांच्या नावाने परवाना होईपर्यंत ती दुकानात ठेव म्हणून जमा होती. परवानाधारक वारला किंवा परवाना संपला की शस्त्र घरातल्या कपाटात ठेवून चालत नाही; ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, हे कलम २१ सांगते. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची बंदूक ‘आठवण’ म्हणून माळ्यावर असेल, त्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावे : ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दुकानात काडतुसे घ्यायला आलेल्या कोणा गिऱ्हाइकाने केव्हातरी हौसेने भिंतीचा फोटो काढला असणार, आणि तो हातोहाती फिरत कोणा भामट्याच्या पानावर पोहोचला असणार.

त्या दिवशी आम्ही नवी बंदूक घेतली नाही, कारण त्यांनी ती दिली नाही. मोठेबाबांना पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक, आवडली होती. गृहस्थांनी ती त्यांच्या खांद्याला लावून पाहिली, दस्ता लांब पडत होता, वजन पेलताना हात थरथरत होता. त्यांनी ती काढून घेतली आणि एक आखूड दस्त्याची साधी एकनळी दाखवली. ‘‘ही घ्या, पण आज नाही. आधी जुनीचं कार्यालयातून मोकळं करून आणा, परवान्यात बदल करून आणा, मग या.’’ समोर पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणण्याची सोय फोनवरच्या पानाला नसते. पुढे दोन महिन्यांनी ती एकनळी आली आणि मोठेबाबांकडे शेवटपर्यंत राहिली.

चुलतभावाचे सोळा हजार परत आले नाहीत. तक्रार द्यायलाही तो आठवडाभर लाजत होता, आणि या फसवणुकीचे मर्म तिथेच आहे. परवाना नसताना बंदूक मागवणारा माणूस पोलिसांकडे जायला कचरतो, कारण त्याने स्वतःच गुन्ह्याच्या दिशेने पाऊल टाकलेले असते. आणि चुकून खरेच काही घरपोच आले, तर ते बेकायदा शस्त्र असते आणि ते बाळगणाऱ्याला तुरुंगवास असतो. ज्यांचे पैसे अशा रीतीने गेले असतील त्यांनी लाज बाजूला ठेवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची आशा जास्त असते.

काही जण विचारतात की ओळखीच्या परवानाधारकाची जुनी बंदूक थेट घेता येईल का. येते, पण ती विकणाऱ्याने आपला इरादा आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याकडेही अर्थातच परवाना हवा. ‘आज पैसे, उद्या बंदूक’ असे म्हणणारा माणूस म्हणूनच खोटा असतो. बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक कोरलेले नसतील किंवा घासलेले दिसत असतील, तर किंमत न विचारता निघून यावे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे म्हणून तिथून ‘आतल्या ओळखीने’ बंदूक मिळते, अशी एक थाप आपल्याकडे फार जुनी आहे. तिथे तोफगोळ्यांची आवरणे आणि तत्सम लष्करी माल तयार होतो, तुमच्या-माझ्यासाठी बंदुका नव्हे.

परदेशी व्हिडिओ पाहून तरुण मंडळी म्हणतात की अमेरिकेत बंदूक ऑनलाइन मिळते. तिथेही परवानाधारक व्यापाऱ्याकडे फोनवर मागवलेली बंदूक घरी येत नाही, ती गिऱ्हाइकाच्या गावातल्या परवानाधारक दुकानात येते. तिथे जाऊन अर्ज भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मगच ती हातात पडते. हे नेहमी असे नव्हते. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांच्यावर जी रायफल चालली, ती शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवलेली होती, आणि दुर्बिणीसह तिची किंमत विसाला पाच सेंट कमी एवढे डॉलर होती. १९६८ च्या कायद्याने टपालाची ही वाट बंद केली. खासगी व्यक्तींमधल्या विक्रीचे नियम मात्र तिथे राज्याराज्यांत वेगळे आहेत.

राहता राहिल्या एअर रायफली. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकल्यापासून पालकांची चौकशी वाढली आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ओळखपत्र लागते, आणि ती ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही. तरी मुलाच्या खांद्याला दस्ता कसा बसतो हे आधी क्लबमध्ये पाहून घ्यावे.

मागच्या महिन्यात काडतुसांसाठी मी त्या दुकानात गेलो होतो. आता काउंटरवर त्या गृहस्थांचा मुलगा बसतो. त्यानेही हात पुढे करून आधी परवानाच मागितला. पितळी पट्टीची दुनळी भिंतीवरून गेली आहे, वारसांचे काम झाले म्हणे. तिच्या जागी दुसरी कोणाची तरी ठेव साखळीला बांधलेली आहे आणि तिच्या दस्त्याला दोऱ्याने एक पुठ्ठा अडकवला आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘विक्रीसाठी नाही. फोटो काढू नये.’

नमस्कार.